चितळीची पाती

मित्रांनो, राहात्याला बाबाजान बागवानांच्या पेढीवर तुम्ही कधी आलात, तर मागच्या शेडमध्ये पेरूच्या रिकाम्या पेट्यांआड एक लाकडी वस्तू तुम्हाला दिसेल. कोणाला ती जुने कपाट वाटते, कोणाला मोडकी बाजाची पेटी. परवा एका हमालाने माझ्या डोक्यावर चहाची किटली ठेवली आणि म्हणाला, "टेबल बरं हाय." पण मी टेबल नाही. मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे. एके काळी या पेढीचे सगळे बोलणे माझ्यातून जात होते.

माझे अंग सागवानी आहे. दूर बंगळूरच्या एका कारखान्यात मला घडवले, तेव्हा माझ्या वार्निशात समोरच्या माणसाचा चेहरा दिसत असे. कारागिरांनी माझ्या छातीवर पितळी पात्यांच्या रांगा बसवल्या. प्रत्येक पातीमागे एक आकडा आणि प्रत्येक पातीखाली एक भोक. पुढच्या फळीवर दोऱ्या होत्या, लाल आणि हिरव्या सुताने विणलेल्या. दूरच्या गावात कोणी फोनचे हँडल फिरवले की त्याची पाती टक्कन खाली पडे. मग बोर्डावर बसलेल्या माणसाने दोरीचे एक टोक त्या भोकात घालायचे, कोण पाहिजे ते विचारायचे, आणि दुसरे टोक त्या माणसाच्या भोकात घालायचे. झाले! दोन माणसे जोडली गेली. बोलणे संपले की दोरी नुसती सोडायची. खाली बांधलेल्या वजनाने ती आपोआप आपल्या जागी जाऊन बसे. पडलेली पाती मात्र आपोआप वर जात नसे. ती बोटानेच वर करावी लागे. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्याचे काम आहे.

माझी पहिली वर्षे एका साखर कारखान्याच्या कचेरीत गेली. तिथे माझा फार मान होता. पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्यापुढे उभे करत. मग तिथे माझ्याहून मोठा बोर्ड आला आणि मी जुन्या खुर्च्यांबरोबर लिलावात निघालो. बाबाजान त्या लिलावात पेट्यांसाठी लाकूड घ्यायला आले होते. लाकूड राहिले बाजूला, त्यांनी मलाच उचलले. टेम्पोत पेरूंच्या टोपल्यांमध्ये बसून मी राहात्याला आलो. सगळा बाजार हसला. "बाबाजान, पेरू इकणार का कलेक्टर होणार?" असे एका भाजीवाल्याने भर रस्त्यात विचारले.

बाबाजान हसले नाहीत. पेरूचे झाड त्यांना जितके कळत होते, तितकी माणसेही कळत होती. साकुरी, अस्तगाव, केलवड, चितळी अशा गावांत त्यांच्या माल गोळा करायच्या शेड होत्या. बागवाले तिथे पेरू आणून टाकत आणि तिथून माल मुंबईला जाई. पेरू हे फार थोडे थांबणारे फळ आहे. झाडावर आज गदरले, तर परवा पिवळे, आणि तेरवा कोणी हातात घेत नाही. म्हणून मुंबईचा भाव वेळेवर कळणे हीच या धंद्याची नाडी. बाबाजानांनी टेलिफोन खात्याकडे हेलपाटे घातले आणि प्रत्येक शेडपर्यंत तार ओढून घेतली. प्रत्येक तारेचे टोक माझ्या एकेका पातीपाशी आले. सगळ्यात लांबची तार चितळीची. ती शेवटच्या पातीला बसली.

आणि मग माझ्यासमोर सकीनाआपा येऊन बसली.

ती बाबाजानांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. घरात सगळे तिच्याशी जरा हळू आवाजात बोलत. ती कोणाशीच बोलत नसे. बाबाजानांनी तिला हाताला धरून माझ्यापुढे आणले आणि म्हणाले, "सकीना, एवढं एक सांभाळ. पाती पडली की विचारायचं, बस." पहिल्या दिवशी तिने आधी माझ्या सगळ्या दोऱ्या मोजल्या. साकुरीची पाती पडली. तिने दोरी लावली, घसा साफ केला आणि म्हणाली, "बोला, पेढी."

त्यानंतर वीस वर्षे माझ्या प्रत्येक दिवसाची सुरुवात त्या दोन शब्दांनी झाली. बारीक अंगाची बाई, पण आवाज मोठा भरदार. माझ्यातून गेलेल्या हजारो आवाजांत मला तो अजून वेगळा ऐकू येतो.

आता पंगतीची गोष्ट सांगतो. सुरुवातीला सकीनाआपा एकेका शेडला जोडून घेई आणि बाबाजान एकेकाला भाव सांगत. एका हंगामात चांगला भाव अस्तगावला आधी कळला. त्यांनी लगेच बागा खुडून माल पुढे लावला. चितळीला कळेपर्यंत गाड्या भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चितळीचे जुने बागवाले सूर्यभान तात्या पेढीवर आले. उंच, काटक, आणि रागावले की जास्तच हळू बोलणारे.

"बाबाजान," ते म्हणाले, "लग्नाला बोलावता, अन् मानकरी जेवले की मग आमाला वाढता व्हय?"

बाबाजानांनी कानाची पाळी धरली. "चुकलं, तात्या. उद्यापासून सगळे एका पंगतीला. पान कोणाचं मागं राहणार नाही. माझा शब्द."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी, मुंबईचा फोन येऊन गेला की सकीनाआपा माझ्या सगळ्या दोऱ्या एकदम लावी. मी पूर्ण भरून जाई. लाल-हिरव्या दोऱ्या एकमेकींवरून अशा जात, की माझ्या छातीवर जणू तोरण बांधले आहे. ती म्हणे, "चला, बसा पंगतीला." मग गावोगावच्या शेडमधून आवाज येत. "साकुरी बसली." "अस्तगाव बसलं." "केलवड बसलं, जरा सरकून घ्या!" आणि सगळ्यांत शेवटी चितळीची छबूबाई.

"चितळी बसली. वाढा आता! अन् भाव वाढा बरं का, कालच्यावानी नुसतं पानी नगं."

सगळ्या गावांत एकदम हशा पिके. तो हशा माझ्या तारांतून एकाच वेळी आत येई, आणि मला वाटे, माझ्यासारखा भाग्यवान बोर्ड दुसरा नसेल. मग बाबाजान भाव सांगत. एकदाच, सावकाश. सगळे तो एकाच श्वासात ऐकत. कोणी आधी नाही, कोणी मागे नाही. चांगला भाव असला की छबूबाई ओरडे, "पोट भरलं!" वाईट असला की म्हणे, "उपाशीच उठतो बाबा."

पंगत उठली की दोऱ्या एकेक करून आपल्या जागी जात. एक मात्र राहायची. चितळीची.

छबूबाई चितळीच्या शेडची राखणदारीण होती. माल मोजून घ्यायचा, पेट्या भरून द्यायच्या, फोन उचलायचा. तिचा नवरा कारखान्यावर कामाला. घरी सासू, तीन पोरी, आणि बोलायला वेळ कुठेच नाही. म्हणून तिचा सगळा बोलण्याचा साठा पंगतीनंतर माझ्यातून जायचा. सासूने लोणच्यात तेल जास्त घातले इथपासून ते थोरलीला स्थळ आले इथपर्यंत. सकीनाआपा ऐकत राही, आणि जी बाई घरात चार शब्द बोलत नसे, ती माझ्यापुढे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे.

चितळीला रेल्वे स्टेशन आहे. राहात्याला नाही. एकदा सकीनाआपा सहज म्हणाली, "मी आगगाडीचा आवाज लहानपणी ऐकला होता, मनमाडला." तेव्हापासून गाडी यायची झाली की छबूबाई रिसीव्हर दाराबाहेर धरी. "ऐक गं आपा, आली बघ." आधी नुसता वारा ऐकू येई. मग लांबून शिट्टी, मग चाकांचा खडखडाट, मग पुन्हा वारा. सकीनाआपा डोळे मिटून बसे. त्या बदल्यात ती छबूबाईला समोरच्या बँडवाल्यांचा सराव ऐकवी. "त्यो क्लॅरनेटवाला आज बी बेसुराच हाय," छबूबाई तिकडून निकाल देई.

मित्रांनो, या दोघी कधी भेटल्या नव्हत्या. अंतर फार नव्हते. पण छबूबाईचा बाजारहाट श्रीरामपूरला, आणि सकीनाआपा पेढी सोडून कुठे जात नसे.

"एकदा ये की गं चितळीला," छबूबाई म्हणे.

"पेढी सोडून कशी येऊ? पाती पडली तर?"

"मग मी तरी शेड सोडून कशी येऊ? तू फोन केलास तर?"

यावर दोघी हसत. मी मात्र हसू शकत नसे. त्यांना जोडणारा मीच होतो, आणि त्यांना आपापल्या जागी बांधून ठेवणाराही मीच.

अशी वर्षे गेली. माझे वार्निश गेले, दोऱ्यांचे सूत विरले. पावसाळ्यात तारा तुटत, आणि मग दोन-दोन दिवस एखादे गाव मुके होई. हे मी लपवणार नाही. म्हातारपणी माझ्यात खरखर फार वाढली होती.

बाबाजानांचा मुलगा राहील पुण्याला शिकून आला. त्याचे लग्न झाले, नाझनीन घरात आली. ती कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला मोकळी, आणि आल्या आल्या तिने सकीनाआपाचा शेजार धरला. राहीलने पेढीत कॉम्प्युटर आणला. एके दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "अब्बा, आता इंटरनेटवरून बोलता येतं. दुबईच्या व्यापाऱ्याशी बोलायला केवढं बिल येतं आपलं! कॉम्प्युटरवरून बोललो तर नगरला फोन केल्याएवढ्यात काम होतं."

"नगरला फोन केला तर दुबई कशी बोलेल?" बाबाजानांनी विचारले.

राहीलने समजावले. तो मुलगा उतावळा होता, पण मूर्ख नव्हता. त्याचे म्हणणे असे की बोर्डाला माणूस लागतो, तारांना भाडे लागते, वारा सुटला की त्या तुटतात. त्यापेक्षा शेडच्या तारा परत कराव्यात. पेढीवर साधे दोन नंबर ठेवावेत. आता गावोगाव पिवळे बूथ झाले आहेत, ज्याला भाव पाहिजे तो थेट फोन करील. मध्ये कोणी नको. आणि परदेशचे सगळे बोलणे इंटरनेटवरून.

बाबाजान म्हणाले, "बेटा, मी पेरू तोलल्याशिवाय घेत नाही. फोन कसा घेऊ? दोन्ही तोलून बघू."

मग एका सकाळी माझ्यासमोरच ते तोलणे झाले. कॉम्प्युटरने आधी किरकिर केली, मग शिट्ट्या मारल्या, आणि बऱ्याच वेळाने दुबईचा व्यापारी आत बोलू लागला. बाबाजान मायक्रोफोनपुढे वाकून म्हणाले, "सलाम आलेकुम." उत्तर आले नाही. त्यांनी विचारले, "तब्येत कशी आहे?" तिकडून आवाज आला, "वालेकुम सलाम." बाबाजानांनी पुढचे विचारले, "मागचा माल कसा निघाला?" तिकडून उत्तर आले, "थोडा खोकला आहे, बाकी ठीक."

"पेरूला खोकला झाला म्हणतो," बाबाजान सकीनाआपाकडे वळून म्हणाले. नाझनीनला हसू आवरेना.

"अब्बा, आवाज जरा उशिरा येतो. थांबून बोलायचं," राहील ओशाळून म्हणाला.

"आणि हे असं परदेशी बोलणं सरकारला चालतं का?"

"नीट कोणालाच माहीत नाही, अब्बा. पण पुण्यात सगळे बोलतात."

मग तेच बोलणे माझ्यावरून केले. आवाज खणखणीत आला. पण पुढच्या महिन्यात बिल आले तेव्हा बाबाजानांनी ते दोनदा वाचले. खरे सांगायचे तर नवीन यंत्राची बाजू हलकी नव्हती. धंद्यात मुंबईचे नवे व्यापारी आले होते, मार्जिन कमी झाले होते, आणि परदेशी गिऱ्हाईक टिकवायचे तर रोज बोलणे भाग होते. "एक हंगाम करून बघ," ते शेवटी राहीलला म्हणाले.

"आणि पंगत?" सकीनाआपाने विचारले.

"आपा, आता कोणाला पंगत लागत नाही," राहील प्रेमानेच म्हणाला. "फोन करतील, भाव ऐकतील. तुम्हालाही आराम."

सकीनाआपा माझ्या दोऱ्या सारख्या करू लागली. तिला आराम नको होता. तिला रोज दुपारी छबूबाई पाहिजे होती. पण ही गोष्ट धंद्याच्या चर्चेत कशी सांगायची, हे तिला कळले नाही.

लाइनमन गोरक्षनाथ आला. त्यानेच एकेकाळी त्या तारा माझ्यापर्यंत आणल्या होत्या. एकेक तार तो सोडवत गेला. चितळीची राहिली तेव्हा सकीनाआपा म्हणाली, "भाऊ, जरा थांब. एकदा बोलून घेते." तिने चितळीला घंटी दिली. छबूबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, "आज येवढ्या सकाळी पंगत?" तार सुटणार हे सांगायचे सकीनाआपाने टाळले. तिने एवढेच विचारले, "गाडी आली का गं?"

"आत्ताच गेली की. दुपारची ऐकवते."

"बरं," सकीनाआपा म्हणाली आणि दोरी सोडली.

त्या हंगामात मी माझ्या जागीच होतो, पण अंगावर चादर टाकलेली. सकीनाआपा मागे पेरू निवडायला बसे. येता-जाता ती माझ्यावरची चादर सारखी करी. माझ्यातून एकही आवाज जात नव्हता. दुपारी पंगतीची वेळ झाली की माझ्या आतल्या दोऱ्यांना उगीच ओढ लागे. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली ओढ? पण ज्याने वीस वर्षे एका हाकेची वाट पाहिली, त्याला ती वेळ चुकत नाही.

पेढीचा फोन मात्र दिवसभर वाजे. एकेक बागवाला बूथवरून भाव विचारी. ज्याला लागला त्याला कळला, ज्याला नाही लागला त्याला नाही. आणि एक गोष्ट राहीलच्या ध्यानात आली नव्हती. इंटरनेट हे काही हवेतून येत नव्हते. ते त्याच टेलिफोनच्या तारेवरून येत होते. कॉम्प्युटर दुबईशी बोलत असेल तोवर एक नंबर बंद. दुसऱ्यावर बागवाल्यांची रांग.

व्हायचे ते झाले. एका दिवशी मुंबईच्या बाजारात हमालांचा बंद पुकारला गेला. उद्या माल पाठवू नका, असे सांगायला मुंबईचा आडत्या फोन करत राहिला. इकडे राहील दुबईशी बोलत होता. दुसऱ्या नंबरावर आधी साकुरी होती, मग अस्तगाव, मग केलवड. निरोप पोचला तोवर पुष्कळ उशीर झाला होता. साकुरी, अस्तगाव आणि केलवड यांचा नंतर पुन्हा फोन लागला, त्यांना खुडणी थांबवता आली. चितळीचा बूथ त्या दिवशी सारखा एंगेज टोन ऐकत होता. त्यांनी नेहमीसारखी बाग खुडली आणि टेम्पो मुंबईला रवाना केला. तीन दिवसांनी तो परत आला, तेव्हा पेढीच्या दारात त्याचा गोडसर, आंबूस वास पसरला.

टेम्पोबरोबर सूर्यभान तात्या आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. राहील धावत पुढे गेला. "तात्या, नुकसान भरून देतो. चूक आमची आहे."

"नुकसानीचं न्हाई, पोरा," तात्या अगदी हळू म्हणाले. "पेरू काय, पुन्हा येतील. पन साकुरीला कळलं, अस्तगावला कळलं, केलवडला कळलं. चितळीला पानावरनं उठिवलं तुमी. तुज्या बापानं शबुद दिला हुता."

बाबाजान आतच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून चितळीचा माल श्रीरामपूरच्या व्यापाऱ्याकडे जाऊ लागला. राहीलने माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. चितळीचे बघून केलवडही कुरकुरू लागले. संध्याकाळी नाझनीन माझ्यावरची चादर उचलून पात्या बघत होती. "आपा, यातली चितळी कोणती?" तिने विचारले. सकीनाआपाने शेवटच्या पातीवर बोट ठेवले, आणि मग तिला रडूच फुटले. नाझनीनला कळले नाही की पेरूच्या एका गावासाठी माणूस एवढे का रडेल. मग सकीनाआपाने तिला छबूबाई सांगितली. घरात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली.

"मग जा ना भेटायला!"

"कोणत्या तोंडानं? त्यांना उठवलं ते आमच्याच पेढीनं."

असे काही दिवस गेले. बाजाराचा गुरुवार होता. पेढीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चांगली उंचीपुरी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर वाटेची धूळ. राहील कॉम्प्युटरवर होता, बाबाजान नमाजला गेले होते. सकीनाआपा खाली मान घालून पेरू निवडत होती. बाईने इकडेतिकडे पाहिले आणि तिलाच विचारले, "ओ बाई, हितं सकीनाआपा कुठं बसत्यात?"

सकीनाआपाचे हात थांबले. ती वर पाहीना. तिच्या मांडीवरचा एक पेरू घरंगळत माझ्यापर्यंत आला. मग तिने घसा साफ केला आणि तशीच खाली बघत म्हणाली, "बोला, पेढी."

त्या बाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं बया!" ती म्हणाली. "तू येवढीशी? मला वाटलं, आवाजावरनं चांगली म्हशीयेवढी असशील!"

"आणि मला वाटलं, तू बुटकी असशील," सकीनाआपा म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. बँडवाल्यांचा सराव चालू होता. छबूबाई रडता रडता म्हणाली, "त्यो बेसुराच हाय गं अजून."

शांत झाल्यावर छबूबाई म्हणाली, "फोन मुका झाला. बूथवरनं लावला तर पोरगा उचलायचा, न्हाईतर टू-टू-टू वाजायचं. मला वाटलं, आपा गेली. कुनी सांगितलं बी न्हाई. म्हनलं, मातीला न्हाई पोचले, निदान घर तरी बघून यावं."

हे बोलत असताना बाबाजान दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते आत आले, टोपी काढून हातात घेतली आणि छबूबाईला म्हणाले, "भाबी, चितळी पुन्हा बसेल का पंगतीला?"

"बोलावनं आलं तर बसंल," छबूबाई म्हणाली. "पन बोलावनं फोनवर न्हाई करायचं. घरी येऊन करत्यात."

दुसऱ्या दिवशी बाबाजान आणि राहील चितळीला गेले. सूर्यभान तात्यांच्या ओट्यावर बसून राहीलने स्वतः बोलावणे केले. मी तिथे नव्हतो, पण परत आल्यावर तो नाझनीनला म्हणाला ते मी ऐकले. "मी दोन्ही फोन तोलले. पण ऐकणारी माणसं तागडीत घातलीच नव्हती."

उरलेल्या हंगामापुरत्या गोरक्षनाथने तारा पुन्हा जोडल्या. तो मोठ्याने हसत होता. "सोडायला बी मीच अन् बांधायला बी मीच!" माझ्यावरची चादर निघाली. दुपारी सकीनाआपाने सगळ्या दोऱ्या लावल्या आणि म्हणाली, "चला, बसा पंगतीला." साकुरी बसली. अस्तगाव बसले. केलवड बसले. मग पाळी चितळीची. माझ्या आतला प्रत्येक तांब्याचा धागा वाट पाहत होता.

"चितळी बसली," सूर्यभान तात्यांचा आवाज आला. मागून छबूबाई ओरडली, "वाढा आता!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद तो. पण मी भोळा नाही. माझे दिवस संपले आहेत, हे मला त्या खरखरीतच कळत होते. नाझनीनने चौकशी करून एक नवे यंत्र शोधले. ते लहानसे आहे, माझ्या एका फळीएवढे. त्यात दोऱ्या नाहीत, बटणे आहेत. एक बटण दाबले की सगळ्या शेड एकदम जोडल्या जातात. पंगत टिकली. दुबईचे बोलणे कॉम्प्युटरवरूनच होते, पण त्याला वेगळी लाइन घेतली आहे, आणि पंगतीच्या वेळी तो बंद ठेवायचा असा नाझनीनचा हुकूम आहे. सकीनाआपाला नवे यंत्र तिनेच शिकवले. आपा तिथे बसते आणि अजूनही "बोला, पेढी" म्हणते. फक्त कधीकधी तक्रार करते, "या नव्या पोराचा दिवा लागतो, पण आवाज नाही. पाती पडल्याशिवाय मला कोणी हाक मारल्यासारखं वाटत नाही."

म्हणून मी आता मागच्या शेडमध्ये आहे. माझे कोणी वाईट केले नाही. नवे आले, ते चांगले आले. तरी दुपार झाली की मी ऐकत राहतो. भिंतीपलीकडून पंगतीचा हशा येतो, पण तो माझ्यातून जात नाही. आगगाडी तर या वर्षात एकदाही माझ्यातून गेलेली नाही.

छबूबाई आता महिन्यातून एकदा राहात्याला येते. तीही आता शेड सोडायला शिकली आणि आपाही पेढी सोडायला. दोघी इथेच येऊन रिकाम्या पेट्यांवर बसतात, कारण इथे कोणी हाक मारत नाही. त्या बोलतात आणि मी ऐकतो. आता त्यांच्यामध्ये तार नाही, दोरी नाही, मी नाही. असेच व्हायला हवे होते, हे मला कळते. कळते, तरी आठवण जात नाही.

एक शेवटचे सांगतो. माझ्या स्प्रिंगा आता सैल झाल्या आहेत. पेढीसमोरून भरलेला ट्रक गेला की जमीन हादरते, आणि माझी शेवटची पाती, चितळीची, टक्कन खाली पडते. तार तुटलेली आहे, पलीकडे कोणी नाही, तरी ती पडते. सकीनाआपा जवळपास असली की अजून बोलता बोलता थांबते, उठते आणि बोटाने ती हळूच वर करते. छबूबाई विचारते, "कोन हाय गं?" आपा म्हणते, "तूच."

पण आपाही आता थकली आहे. ती रोज इकडे येत नाही. तुमच्या घरात, तुमच्या पेढीत नवी यंत्रे जरूर आणा, मित्रांनो. फक्त जुनी तार कापण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, तेवढे एकदा विचारा. आणि कधी इकडे आलात, पेट्यांमागे माझी ती पाती खाली पडलेली दिसली, तर पुढे जाऊ नका. बोटाने ती वर करा. जोर लागत नाही.